डोक्याला मार लागल्यावर निर्णय कोणाचा?

संपादक महोदय,

इंग्लंडमध्ये जुलै 2025 मध्ये झालेल्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक आणला. तो क्लबांचे आर्थिक व्यवहार आणि मालकांची पात्रता तपासणार आहे, परंतु खेळाडूंच्या डोक्याच्या दुखापतींना त्याच्या उद्दिष्टांत स्थान नाही. ही उणीव मला फार गंभीर वाटते.

वेस्ट ब्रॉमविच अल्बियन या इंग्लिश क्लबचे आघाडीपटू जेफ ॲस्टल 2002 मध्ये वयाच्या 59व्या वर्षी वारले. जड चामडी चेंडू वर्षानुवर्षे डोक्याने मारल्यामुळे त्यांच्या मेंदूला इजा झाली, असे मृत्यूच्या अधिकृत चौकशीत त्याच वर्षी निष्पन्न झाले आणि व्यवसायजन्य आजाराने मृत्यू अशी नोंद झाली. कारखान्यातील कामगाराबाबत असा निष्कर्ष निघाला असता, तर सरकारी यंत्रणेला तातडीने हालचाल करावी लागली असती. फुटबॉलमध्ये मात्र माजी व्यावसायिक खेळाडूंना मेंदूच्या ऱ्हासाच्या आजाराने मृत्यू येण्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे साडेतीनपट आहे, हे ग्लासगो विद्यापीठाच्या अभ्यासातून समोर यायला 2019 साल उजाडले. डोक्याच्या दुखापतींबाबत क्रीडा संघटनांना स्वतःचीच उत्तरपत्रिका तपासू दिली गेली, अशा आशयाचा ठपका ब्रिटिश संसदेच्या समितीने 2021 मध्ये ठेवला, तो योग्यच होता.

आपल्याकडेही हा प्रश्न आहे. कोल्हापुरात तालमींच्या संघांचे सामने ईर्ष्येने होतात. अशाच एका सामन्यात हेडरसाठी उसळलेल्या दोघांची डोकी एकमेकांवर आदळली; त्यांतला एक जण काही क्षण निपचित पडला, तोंडावर पाणी मारताच उठून बसला आणि प्रेक्षकांच्या टाळ्यांत पुन्हा खेळू लागला. मैदानावर डॉक्टर नव्हता. मेंदूला धक्का बसल्याची शंका असल्यास जादा बदली खेळाडू देण्याची मुभा आता फुटबॉलच्या नियमांत आहे, पण शंका घेणारेच कोणी नसेल तर ती कागदावरच राहते.

राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा, 2025 नुसार राष्ट्रीय महासंघांना मान्यता देण्याचा अधिकार राष्ट्रीय क्रीडा मंडळाला आहे. मान्यता देताना मंडळाने प्रत्येक अधिकृत स्पर्धेत डॉक्टरची उपस्थिती, डोक्याच्या दुखापतींची नोंद आणि त्या नोंदींची महासंघाबाहेरील तज्ज्ञांकडून तपासणी या अटी घालाव्यात. जखमी खेळाडूने पुन्हा खेळावे की नाही, हे प्रशिक्षकाने ठरवू नये आणि खुद्द खेळाडूनेही नाही. भोवळ आलेला मुलगा संघासाठी ‘मी बरा आहे’ असेच सांगणार. हा निर्णय डॉक्टरचाच असावा आणि तो डावलणाऱ्या संघावर कारवाई व्हावी.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक, कोल्हापूर