विषय : स्क्वालेनच्या बाटलीत निघालेलं स्क्वालीन आणि तुमचा ग्राहक सेवा विभाग

प्रति,
व्यवस्थापक, गुणवत्ता विभाग

तुमच्या माणसाने आत्ताच पुन्हा फोन ठेवला, म्हणून हे लेखी. बिल, बॅच नंबर आणि बाटलीचे फोटो सोबत आहेत. आधीही पाठवले होते.

वडोदऱ्यात दांडिया बाजारात माझा क्रीम-लोशनचा घरगुती उद्योग आहे. त्यासाठी तुमच्याकडून घेतलेल्या तेलाच्या लेबलवर स्क्वालेन, म्हणजे ३० कार्बन, ६२ हायड्रोजन, एकही दुहेरी बंध नाही. स्क्वालीन हा त्याचाच दुहेरी बंधवाला, हवेने खवट होणारा भाऊ. विश्लेषण प्रमाणपत्रावर आयोडीन मूल्य (दुहेरी बंध किती, याचं माप) १ पेक्षा कमी. आणि उन्हाळा लागताच क्रीमला खवट वास! संपृक्त, म्हणजे दुहेरी बंध नसलेलं, हायड्रोकार्बन खवट होत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून घरीच परीक्षानळीत तेल घेऊन डायक्लोरोमिथेनमधलं ब्रोमीन थेंबथेंब सोडलं. तपकिरी रंग पडताक्षणी गायब. पुढचा थेंब, तोही गायब. दुहेरी बंध ब्रोमीन असंच गिळतात. मकरपुऱ्यातल्या प्रयोगशाळेने आयोडीन मूल्य तीनशेच्या वर दिलं. सहा दुहेरी बंधांच्या शुद्ध स्क्वालीनचं गणिताने ३७१ येतं. म्हणजे हा माल हायड्रोजनेशनच्या (हायड्रोजन जोडून स्क्वालीनचं स्क्वालेन करण्याच्या) भांड्यात गेलाच नाही, किंवा पिंपं बदलली. रेणूमागे १२ हायड्रोजन कमी, पैसे मात्र पूर्ण घेतलेत.

आता तो फोन. मी म्हटलं, ‘‘यात दुहेरी बंध आहेत.’’ पलीकडून, ‘‘बंध म्हणजे पॅकिंगचा का मॅडम? सील तुटलं होतं?’’ मी शांतपणे (खरंच शांतपणे) सांगितलं की हे स्क्वालीन आहे, ट्रायटर्पीन नावाच्या ३० कार्बनच्या नैसर्गिक गटातलं. शरीरात १५ कार्बनच्या साखळीच्या फार्नेसिल पायरोफॉस्फेटचे दोन रेणू जोडून हेच बनतं, एका टोकाला ऑक्सिजन बसला की साखळी वळून चार कडी होतात, त्यातून लॅनोस्टेरॉल, पुढे कोलेस्टेरॉल आणि सगळे स्टिरॉईड. कोलेस्टेरॉलच्या या कामासाठी ब्लॉख आणि लिनेन या शास्त्रज्ञांना १९६४ साली नोबेल मिळालं. एवढ्यात, ‘‘एक मिनिट होल्ड करा.’’ सनईची धून. बऱ्याच वेळाने परत आला तो घाबरलेल्या आवाजात : ‘‘मॅडम, आमच्या प्रॉडक्टमध्ये स्टिरॉईड अजिबात नाही. तुम्ही डॉक्टरांना दाखवलंत का?’’ मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, तेलाला झालंय. तर म्हणे, ‘‘आधी हातावर थोडं लावून बघा.’’ अहो, ते हातावर आधीपासूनच आहे! माणसाच्या त्वचेच्या तेलात साधारण १२ टक्के स्क्वालीनच असतं. तुमच्या त्या मुलाच्या कपाळावरही आहे.

फोन ठेवला आणि मेसेज आला : ‘तक्रारीचा प्रकार : स्टिरॉईडची ॲलर्जी. स्थिती : निराकरण झाले.’

कोणाचं निराकरण झालं? माझं क्रीम अजून खवटच आहे आणि गिऱ्हाइकं डब्या परत आणून देताहेत. एकीने तर दारातच झाकण उघडून माझ्या नाकाशी धरलं. फोटो पाठवले होते, हे पुन्हा लिहिते, कारण तुमच्याकडे दर वेळी ‘फोटो मिळाले नाहीत’.

वाईट याचं वाटतं की तुमचा माल मी इतरांना सुचवत आले. विद्यापीठात शिकताना आम्हाला बाटलीवरच्या लेबलवर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. तुमच्यामुळे आता प्रत्येक बाटलीला ब्रोमीन दाखवावं लागतं.

मागणी एवढीच : पूर्ण परतावा, वाया गेलेल्या मालाची भरपाई आणि या बॅचचा खरा अहवाल, रसायनशास्त्र कळणाऱ्या माणसाच्या सहीने. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ‘तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही’ हे ऐकवू नका. केवळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेला माल २०१९ च्या कायद्यात ग्राहकाचाच धरला जातो, वाचून घ्या.

उरलेलं तेल गडद बाटलीत, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवलंय. तपासायला न्यायचं असेल तर माणूस पाठवा, पण निम्मा नमुना माझ्याकडेच राहील.

तुमची (सध्या तरी) ग्राहक