हसायचं तर प्रश्न विचारणाऱ्यावर

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दोन आठवड्यांपूर्वी आपल्या रविवार पुरवणीत विनोदाच्या पानावर उत्तर आयर्लंडमधल्या कॅथलिक-प्रोटेस्टंट वैरावरचे दोन किस्से छापले होते. पुढच्या रविवारी त्यावर दोन पत्रं आली. एका वाचकाचं म्हणणं, धर्माच्या बाबतीत थट्टा नकोच. दुसऱ्यांचं म्हणणं, भांडण परक्या देशातलं, तेही केव्हाच मिटलेलं, मग इथे इंदुरात पोहे खाता खाता कुणी हसलं तर बिघडलं कुठे? मला दोन्ही पटलं नाही, म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर कापा, पण किंग्समिलच्या हत्याकांडाचा भाग तेवढा राहू द्या.

मी निवृत्त परिचारिका. माहेर नगरचं, अमेरिकन मराठी मिशनमधलं, म्हणजे प्रोटेस्टंट. माझे यजमान वसईचे कॅथलिक. १९८३मध्ये आमचं लग्न झालं, तेव्हा ह्यांना बिशपांची परवानगी काढावी लागली आणि मुलं कॅथलिक रीतीने वाढवण्यासाठी जमेल ते सगळं करीन, असं वचन द्यावं लागलं. त्या वचनावरून माझे वडील तीन महिने माझ्याशी बोलले नव्हते. ज्या घरात रोज संध्याकाळी रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं व्हायची, त्या घराला रोझरीची माळ ओढणारा जावई! आम्ही राहिलो त्या इंदुरात दोघांचीही सोय आहे. व्हाइट चर्च प्रोटेस्टंटांचं, रेड चर्च कॅथलिकांचं, आणि रिक्षावाल्याला नुसता रंग सांगितला की पुरतं. रविवारी सकाळी आम्ही दोन दिशांना जायचो आणि दुपारी मटणाच्या रश्शाला एकत्र बसायचो.

थट्टा तर आमच्या घरात रोजची होती. हे म्हणायचे, "तुमच्या राणीने आमच्या धर्मगुरूंना जगू दिलं नाही, म्हणून तर मराठीला फादर स्टीफन्स मिळाले!" त्यात तथ्य आहेच. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूला थारा नव्हता. तिथेच जन्मलेले स्टीफन्स जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात जाऊन १५७९मध्ये गोव्याला आले, आणि रत्नांची, फुलांची उपमा देऊन त्यांनी मराठीची जी थोरवी गायली ती मराठी शिकलेल्या प्रत्येकाच्या कानावरून गेलेली असते. मी उलट म्हणायचे, आमचं मिशन अमेरिकेचं, १८३१ साली नगरला आलेलं, राणीचा हिशेब माझ्या नावावर मांडू नका. दोन चर्चांची माणसं एका छताखाली चौतीस वर्षं राहिली ती अशाच बोलण्यावर. म्हणून "थट्टा नकोच" हे मला मान्य नाही. ज्या घरात या विषयावर हसता येत नाही त्या घरात धुसफूस असते, हे मी नातेवाइकांकडे पाहिलंय.

आता दुसऱ्या वाचकाचं "मिटलेलं भांडण". माझी मुलगी २०१९पासून बेलफास्टच्या एका रुग्णालयात नर्स आहे. नोकरीला लागताना तिच्यापुढे एक वेगळा कागद आला: तुम्ही प्रोटेस्टंट समाजातल्या, कॅथलिक समाजातल्या, की दोन्हींपैकी कुठल्याच नाही? तिने मला रात्री फोन केला, "आई, काय लिहू?" मी म्हटलं, दोन्ही लिही. ती म्हणाली, एकाच चौकटीत खूण करायचीय. हा कागद चांगल्यासाठीच आहे बरं का. एका समाजाच्या माणसांना कामावर घ्यायचंच नाही, असे प्रकार तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालले. म्हणून १९८९च्या कायद्याने मालकांना हा हिशेब ठेवायला लावला. तिथल्या जनगणनेतही धर्म नाही असं सांगणाऱ्याला पुढे विचारतात, मग वाढलात कोणत्या धर्मात? २०२१मध्ये त्या हिशेबाने कॅथलिक ४५.७ टक्के भरले आणि प्रोटेस्टंट व इतर ख्रिस्ती ४३.५ टक्के. कॅथलिक जास्त भरण्याची ती पहिलीच वेळ.

२०२३च्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे राहून आले. फॉल्स रोड कॅथलिकांचा, शँकिल रोड प्रोटेस्टंटांचा, आणि मध्ये भिंत. त्या भिंती १९६९पासून बांधायला लागले आणि काही ठिकाणी त्या आपल्या दुमजली घराच्या वर जातात. तिथले लोक त्यांना शांतीच्या भिंती म्हणतात. भिंतीतल्या काही दारांना रात्री कुलूप लागतं. सगळ्यात मला बोचलं ते वेगळंच. भिंतीला चिकटून असलेल्या घरांच्या परसावर लोखंडी जाळीचं छप्पर आहे, पलीकडून येणारे दगड आणि बाटल्या अडवायला. कोंबड्यांच्या खुराड्याला असते तशी जाळी. तिच्याआड दोरीवर तान्ह्या बाळाची झबली वाळत होती. शांततेचा करार १० एप्रिल १९९८चा. म्हणजे त्या बाळाच्या आई-बापांचं बहुतेक सारं आयुष्य करारानंतरचं, तरी डोक्यावरची जाळी गेलेली नाही. त्याला मिटलेलं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आता आपण छापलेला पहिला किस्सा. बेलफास्टच्या गल्लीत रात्री एकाला अडवतात. "कॅथलिक की प्रोटेस्टंट?" तो म्हणतो, "मी ज्यू आहे." "ते कळलं. पण कॅथलिक ज्यू की प्रोटेस्टंट ज्यू?"

हा तिथल्याच लोकांचा जुना किस्सा आहे. तो मला आवडतो, आणि का आवडतो ते सांगायला मला किंग्समिल सांगावं लागेल.

५ जानेवारी १९७६. आर्मा परगण्यात कापड कारखान्यातले कामगार संध्याकाळी मिनीबसने घरी निघाले होते. वाटेत चार कॅथलिक कामगार आपापल्या घरी उतरले, गाडी पुढे गेली. किंग्समिलजवळ बंदूकधाऱ्यांनी गाडी अडवली, सगळ्यांना खाली उतरवून ओळीत उभं केलं आणि विचारलं, यात कॅथलिक कोण? त्या ओळीत कॅथलिक एकच होता. बाकीच्या अकरा जणांना वाटलं, हे प्रोटेस्टंट बंदूकधारी आहेत, याला मारायला आलेत. शेजारी उभ्या असलेल्यांनी त्याचा हात दाबला, पुढे होऊ नकोस म्हणून. तो पुढे झाला. त्याला सांगितलं, रस्त्याने सरळ जा, मागे वळून बघू नकोस. आणि मागे राहिलेल्या अकरा प्रोटेस्टंटांवर गोळ्या झाडल्या. दहा मेले. एकजण अठरा गोळ्या लागूनही वाचला. आदल्याच दिवशी दोन कॅथलिक घरांत शिरून सहाजणांना मारलं होतं, त्याचा हा सूड. करार होईपर्यंतच्या तीस वर्षांत या वैरात साडेतीन हजारांहून जास्त माणसं गेली. मी शस्त्रक्रियागृहात बावीस वर्षं काढली, रक्ताला मी घाबरत नाही. पण तो दाबलेला हात मला झोपू देत नाही. मारायचं कुणाला ते मारणाऱ्यांनी ठरवलेलं होतं, आणि ज्यांना मारायचं होतं ते आपल्या सोबत्याला वाचवायला धडपडत होते.

आता तो ज्यूचा किस्सा पुन्हा वाचा. तिथे हसू येतं ते अडवणाऱ्याचं. समोरचा काहीही सांगो, याच्या डोक्यात दोनच खोकी आहेत आणि माणूस त्यांतल्या एकात कोंबल्याशिवाय याला चैन नाही. उत्तर देणाऱ्यावर कुणी हसत नाही. जे लोक स्वतः त्या गल्लीतून घरी जात होते त्यांनीच हा किस्सा रचला आणि एकमेकांना सांगितला. माझ्या मुलीला वॉर्डात एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं होतं, "तू कुणाच्यातली गं?" आई प्रोटेस्टंट, बाबा कॅथलिक, असं हिने सांगितल्यावर बाई म्हणाल्या, "अरे देवा, म्हणजे तुला दोन्हीकडून मार!" आणि दोघी हसत सुटल्या. त्या बाईंचा एक भाऊ त्या काळात गेलेला होता, हे मुलीला नंतर कळलं.

परक्या देशातलं म्हणणाऱ्या वाचकांना मला विचारायचंय, हा प्रश्न तुम्ही कधी विचारला नाहीत? मला इंदुरात तो आयुष्यभर विचारला गेलाय. मी आडनाव सांगते, समोरच्याला अंदाज लागत नाही. मी म्हणते, आम्ही ख्रिस्ती. "हो हो, ते कळलं, पण आधीचे कोण?" हळदीकुंकवाला विचारलंय, बसमध्ये विचारलंय, एकदा तर ज्या बाईंच्या मुलाला मी सलाइन लावत होते त्यांनी विचारलंय. माझ्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेऊन शंभराहून जास्त वर्षं झाली, तरी "आधीचे कोण" चालूच आहे. कॅथलिक ज्यू की प्रोटेस्टंट ज्यू, याहून हे वेगळं आहे का? आयर्लंडच्या किश्शावर हसणाऱ्याला ही ओळख पटली तर तो किस्सा मराठीत छापल्याचं सार्थक झालं असं मी म्हणेन.

तोच विनोद उलटा फिरला की काय होतं तेही लिहिते. २०१७मध्ये हे वसईला भावाकडे गेले असताना वारले. गावच्या चर्चमध्ये अंत्यविधीची मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, झाली. प्रोटेस्टंट असल्याने मला तिथे कम्युनियन, म्हणजे रांगेत जाऊन घ्यायची पवित्र भाकर, घेता येत नाही, हा नियम मला लग्नापासून ठाऊक होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. शवपेटी चार पावलांवर होती. सगळं बाक उठून रांगेत गेलं, मुलगीही माझे गुडघे ओलांडून गेली, आणि मी एकटी बसून राहिले. बाहेर चहाच्या वेळी ह्यांच्या नात्यातले एक गृहस्थ म्हणाले, "वहिनी, आता तरी पक्ष बदला, वर भेटायचं तर एकाच दाराने यावं लागेल." चार माणसं हसली. मीही हसले, कारण सगळे हसत होते. असंच बोलणं ह्यांच्या तोंडून मी शंभरदा ऐकलं असेल आणि कधी लागलं नाही. त्या दिवशी बाकावर एकटी बसलेली मी होते, आणि बोलणारा रांगेतून जाऊन आलेला होता. आजही तो चहाचा कप आठवला की घशात काहीतरी अडकतं.

म्हणून आपला दुसरा किस्सा मला मुळीच मान्य नाही. अमेरिकेतल्या बारमध्ये 'आयरिश कार बॉम्ब' नावाची दारू मिळते, त्या नावावर आपण चार ओळींची गंमत केली आणि शेजारी फुटणाऱ्या ग्लासाचं चित्र काढलं. १५ ऑगस्ट १९९८ला, आपण इकडे झेंडावंदन करून जिलबी खात होतो त्या दिवशी, करार होऊन चार महिने झालेले असताना ओमा गावच्या बाजारात मोटारीतला बॉम्ब फुटला. शनिवार होता, दुकानांत गर्दी होती. २९ माणसं मेली, त्यात लहान मुलं होती, स्पेनहून आलेले पाहुणे होते, पोटात जुळी असलेली एक बाई होती. कॅथलिक मेले आणि प्रोटेस्टंटही मेले. १९८४च्या डिसेंबरात आम्हा काही परिचारिकांना इंदूरहून भोपाळला पाठवलं होतं. लोकांचे डोळे ओल्या बोळ्यांनी पुसून पुसून माझ्या बोटांची सालं निघाली होती. उद्या परदेशात कुणी सोड्याच्या बाटलीला 'भोपाळ गॅस' नाव दिलं आणि तिथल्या वर्तमानपत्राने त्यावर गंमत छापली, तर आपल्याला कसं वाटेल? त्या दारूच्या नावात मेलेल्यांवाचून हसण्यासारखं दुसरं काही नाही, आणि त्यांतला कुणी उलट उत्तर द्यायला येणार नाही.

माझी मागणी साधी आहे. ज्यूचा किस्सा खुशाल पुन्हा छापा, मात्र त्याखाली किंग्समिलची हकिगत दोन ओळींत द्या. कार बॉम्बच्या चित्राबद्दल पुढच्या रविवारी त्याच पानावर, त्याच जागी दिलगिरी छापा. बेलफास्टमध्ये आता पुष्कळ भारतीय नर्स आहेत, त्यांत माझ्या मुलीसारख्या मराठी मुलीही आहेत, आणि आपला अंक त्या मोबाइलवर वाचतात. ते पान माझ्या मुलीनेच मला पाठवलं होतं, खाली एक अक्षरही न लिहिता.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, इंदूर