अपिलाचं काय झालं?

संपादक महोदय,

ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्यात कॅम्पातल्या ‘बर्गर किंग’ या खाद्यगृहाची बातमी घरोघरी चवीने वाचली गेली. त्याच नावाच्या अमेरिकी कंपनीने नावावरून केलेला २०११ चा दावा जिल्हा न्यायालयाने फेटाळला. पुण्यातलं नाव १९९२ पासूनचं, कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान २०१४ चं. आमच्या कट्ट्यावर पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. डिसेंबरात उच्च न्यायालयाने कंपनीच्या अपिलाचा निकाल लागेपर्यंत पुण्यातल्या दुकानाला ते नाव लावायला मनाई केली, तेव्हा मात्र कट्टा गप्प. कित्येकांना ते कळलंच नाही.

असे दावे गंमत म्हणून जरूर छापा. पुण्यातच २८ एप्रिल १९६६ ला निकाली निघालेल्या मानपानाच्या एका दाव्याची गिनेस बुकात नोंद आहे, दाखल म्हणे १२०५ साली! (तेव्हा स्टँप कुठला लावला, देव जाणे.) आमच्या वाड्यातल्या सामाईक नळाचा दावा त्यामानाने तान्हाच. दर तारखेला वकीलसाहेब फाईल काखेत मारून जिन्यातच ‘पुढची तारीख’ म्हणतात, आई ती कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी लिहिते.

विनंती एवढीच, निकालाखाली ‘अपील प्रलंबित’ हे दोन शब्दही छापत जा.

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे