बटाट्याची नोंद

क्लीव्हलँड, ओहायो
शनिवार

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

लेकीकडे येऊन तीन आठवडे झाले. क्रिकेटवाचून तिकडे कसं करमतं, असं तू फोनवर विचारलंस. गेल्या रविवारी जावयाने बेसबॉलच्या मॅचला नेलं आणि माझी सोय झाली. शेजारच्या खुर्चीत एक आजोबा. मांडीवर पुठ्ठा, त्यावर स्कोअरकार्ड, हातात टोक काढलेली पेन्सिल. पब्लिकमध्ये बसून नुसत्या हौसेने स्कोअर लिहीत होते! मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

त्यांनी मला लिहायला शिकवलं. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो: पिचर म्हणजे चेंडू टाकणारा १, कॅचर म्हणजे त्यांचा विकेटकीपर २, थर्ड बेस या तिसऱ्या थांब्यावरचा फील्डर ५. योग्य चेंडू मारता आला नाही की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकवर बॅटर बाद झाला की ‘के’. आणि तिसऱ्याला बॅट न फिरवता नुसता बघत राहिला, तर तोच ‘के’ उलटा. किती बारकाईने विचार केलाय बघ!

मग गप्पा निघाल्या, आणि बटाट्याची गोष्ट कळली. ती तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

३१ ऑगस्ट १९८७. पेनसिल्व्हेनियातलं विल्यम्सपोर्ट. तिथली टीम खालच्या लीगमधली, क्लीव्हलँडसाठी खेळाडू घडवणारी. सीझन संपत आलेला, टीम कधीचीच शर्यतीबाहेर. कॅचर डेव्ह ब्रेस्नहन याने बटाटा सोलून, तासून, चेंडूसारखा गोल करून आणला. समोरच्या टीमचा रनर थर्ड बेसवर, म्हणजे रन पुरी होण्याआधीच्या शेवटच्या थांब्यावर आल्यावर तो अंपायरला म्हणाला, ग्लोव्ह तुटलाय, बदलून येतो. दुसऱ्या ग्लोव्हमध्ये बटाटा! पिचरचा चेंडू त्याने झेलला आणि बटाटा थर्ड बेसच्या डोक्यावरून लांब भिरकावला. रनरला वाटलं, ओव्हरथ्रो झाला. तो निवांत होम प्लेटकडे, म्हणजे रन पुरी होते तिथे आला, तर कॅचर खरा चेंडू हातात घेऊन त्याची वाट बघत उभा.

आता तू स्कोअरर आहेस. काय लिहिशील? अंपायरने रन दिली आणि चूक कॅचरच्या नावावर गेली. म्हणजे कार्डावर ‘ई-२’: ‘ई’ एररचा, २ कॅचरचा. बटाटा फेकला, पण नोंद साध्या चुकीची! दुसऱ्याच दिवशी टीमने त्याला काढून टाकलं. आणि पुढच्याच वर्षी त्याच क्लबने त्याचा ५९ नंबर सन्मानाने निवृत्त केला. बॅटिंगची सरासरी .१४९ असलेल्या माणसाचा. मला हा निर्णय फार आवडला.

सिअ‍ॅटलच्या टीममधल्या लेनी रँडलचा किस्साही असाच, १९८१ चा. थर्ड बेसच्या रेषेलगत चेंडू हळूहळू घरंगळत येत होता. हा गडी गुडघ्यांवर आणि हातांवर आडवा झाला आणि फुंकर मारून त्याने चेंडू रेषेबाहेर घालवला! अंपायरने आधी फाउल, म्हणजे रेषेबाहेरचा फटका दिला, मग समोरच्या मॅनेजरने हरकत घेतल्यावर फिरवला. रँडलचं म्हणणं, मी फुंकलं नाही, चेंडूशी बोलत होतो. आणि इथे क्लीव्हलँडलाच १९९३ मध्ये समोरच्या टीमचा फील्डर होझे कॅन्सेको याच्या डोक्यावर आपटून चेंडू कुंपणापलीकडे गेला. तो होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा धरला गेला, आणि क्लीव्हलँडने मॅच ७-६ अशी जिंकली.

एका गोष्टीला मात्र मला हसता आलं नाही. २००१ मध्ये सराव सामन्यात पिचर रँडी जॉन्सनचा वेगवान चेंडू मध्येच उडत आलेल्या पारव्याला लागला. पिसंच पिसं उडाली. तो चेंडू धरलाच नाही. मी आजोबांना लॉर्ड्सची चिमणी सांगितली, १९३६ मध्ये बोलर जहांगीर खानच्या चेंडूने मेलेली, अजून तिथल्या संग्रहालयात ठेवलेली. त्यांनी पेन्सिल खाली ठेवून ऐकलं.

येताना तुझ्यासाठी कोरी स्कोअरकार्डं आणतोय. आणि एक काम कर. आपल्या क्लबच्या मॅचमध्ये कुत्रं चेंडू तोंडात धरून पळालं होतं, तू समासात पेन्सिलीने ‘कुत्रा’ लिहिलं होतंस. ती वही माळ्यावर असेल. त्या पानाचा फोटो पाठव. आजोबांना दाखवायचाय.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
सुहास