लघुउद्योजकांचे काम एमआयडीसीबाहेर दिसू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूरच्या फाउंड्री (धातू ओतणारे कारखाने) आणि मशिनशॉपवाल्यांचा (ओतलेले भाग मशिनवर मापात आणणाऱ्यांचा) विषय निघाला की चर्चा वीजदर, पिग आयर्नचा (कच्च्या लोखंडाचा) भाव आणि कामगारांची टंचाई यांवरच थांबते. या अडचणी खऱ्या आहेत, त्यांची झळ मलाही बसते. पण हातात उत्तम कसब असलेली कितीतरी माणसे वर्षानुवर्षे एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर बसून आहेत, कारण त्यांचे काम बाहेर कुणाला ठाऊकच नाही. याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

शिरोली एमआयडीसीत माझे छोटे मशिनशॉप आहे. वडिलांनी ते जुन्या लेथवर सुरू केले, आता संगणकावर चालणारी सीएनसी आणि व्हीएमसी मशिन आहेत. वडिलांच्या ओळखी कोल्हापुरातल्या शिवाजी उद्यमनगरात झाल्या. पॅटर्न (ओतकामाचा नमुना) करणारा, ओतकाम करणारा, टर्नर, सगळे हाकेच्या अंतरावर. ऑइल इंजिनाचा भाग एका शेडमध्ये ओतला जायचा, दुसऱ्यात पुरा व्हायचा आणि पुढच्या कामाचे चहाच्या गाड्यावरच ठरायचे. काम देणारा आणि करणारा एकाच गावचे होते, तोवर हे पुरेसे होते. आज आमच्या भागाचे ड्रॉइंग पुण्यात, चेन्नईत नाहीतर जर्मनीत बसलेला इंजिनिअर काढतो. नवा सप्लायर हवा असला की तो आधी इंटरनेटवर शोधतो. तिथे आपले नाव, मशिनची क्षमता, केलेली कामे सापडली नाहीत, तर तो राजकोटला किंवा लुधियानाला फोन लावतो. त्यात त्याची काय चूक?

मी लिंक्डइन या व्यावसायिक ओळखींच्या संकेतस्थळावर नियमित लिहू लागले त्याला आणखी एक कारण होते. उद्योजकांच्या बैठका आणि स्नेहभोजने बहुतेक संध्याकाळनंतर असतात. तिथे मला कुणी वाईट वागवले नाही, पण कामाची खरी बोलणी ज्या कोंडाळ्यात होतात, तिथे बाईला जागा मिळत नाही. शेडमध्ये आलेला नवा माणूससुद्धा मलाच विचारायचा, "साहेब कुठे आहेत?" ऑनलाइन ओळखीत समोरच्यापुढे पहिल्यांदा माझे काम येते. माझ्यासारख्या अनेक जणींना हा मार्ग किती मोलाचा आहे, ते शब्दांत सांगणे अवघड आहे.

तिथे लिहायचे काय, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. माझा अनुभव सांगते. एसजी आयर्नचे (एक प्रकारच्या ओतीव लोखंडाचे) पातळ भिंतीचे गोल कास्टिंग तीन जॉच्या चकमध्ये (भाग पकडणाऱ्या तीन जबड्यांच्या पकडीत) घट्ट धरून बोअर केले, म्हणजे आतले भोक कापले, तर मशिनवर मोजताना ते अगदी गोल भरते. चक सैल करताच दाबाने आवळलेली भिंत परत मूळ जागी येते आणि बोअर तीन ठिकाणी फुगून किंचित तिकोनी होतो. आम्ही त्यावर असा उपाय केला: आधी रफ कट घ्यायचा, भाग सोडून त्यातला ताण निघू द्यायचा, मग त्याच मापाला बोअर केलेल्या सॉफ्ट जॉमध्ये (मऊ धातूच्या जबड्यांत) कमी दाबाने धरून शेवटचा हलका कट. हे मी सरळ शब्दांत लिहिले, सोबत आमच्या सॉफ्ट जॉचा फोटो टाकला. गिऱ्हाइकाचा भाग किंवा ड्रॉइंग दाखवले नाही, ते कधीच दाखवू नये. त्याखाली कोइम्बतूरच्या एका पंप कारखान्यातील डिझाइन इंजिनिअरने चकचा दाब किती ठेवता, असे विचारले. मग भिंतीच्या जाडीवर चर्चा झाली. पुढे गोपनीयतेचा करार, ड्रॉइंग, सॅम्पल, सीएमएम रिपोर्ट (मोजणी यंत्रावरचा मापांचा अहवाल) अशा सगळ्या पायऱ्या चढून ऑर्डर आली. बरेच महिने लागले. भाव, दर्जा आणि वेळ यांची परीक्षा नेहमीसारखीच द्यावी लागली. त्या परीक्षेला बसायची संधी मात्र त्या चार ओळींमुळे मिळाली.

म्हणून माझ्या उद्योजक बंधू-भगिनींना कळकळीने सांगावेसे वाटते की, सुविचार आणि सत्काराचे फोटो टाकून खरेदी विभागातल्या माणसाला काही उपयोग होत नाही. धातूचा कोणता ग्रेड चालतो, मशिनवर किती मोठा भाग बसतो, किती मायक्रॉनपर्यंत अचूकता राखता, कोणती सर्टिफिकेट आहेत, हे त्याला हवे असते. इंग्रजीची भीती बाळगू नका. लिंक्डइन २०२४ पासून मराठीतही वापरता येते. परप्रांतातल्या गिऱ्हाइकासाठी साधी, तुटक इंग्रजी चालते. मापे आणि फोटो बरोबर असले म्हणजे झाले.

या ओळखींचा दुसरा फायदा, म्हणजे पैसे अडकण्याआधी सावध होता येणे, मला ऑर्डरपेक्षाही मोठा वाटतो. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागते. तक्रारीसाठी सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे. तरीही बहुतेक जण तक्रार करत नाहीत, कारण तक्रार केली की काम बंद होईल ही धास्ती असते. मलाही एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैशांसाठी असेच ताटकळत ठेवले होते. त्या काळात पगार कसे भागवले, ते माझे मला माहीत. आता नवे काम घेण्याआधी मी त्या कंपनीच्या इतर दोन-तीन सप्लायरांना शोधून मेसेज करते, "पेमेंट कसे आहे?" अनोळखी माणसेसुद्धा या प्रश्नाला खरे उत्तर देतात, कारण सगळेच त्यातून गेलेले असतात. पैसे बुडाल्यावर कायदा शोधण्यापेक्षा आधीच सावध झालेले बरे.

फसवणारेही तिथे आहेत. परदेशी कंपनीच्या नावाने मोठी ऑर्डर दाखवून "व्हेंडर रजिस्ट्रेशन फी" मागणारे मेसेज येतात. नोंदणीसाठी आधी पैसे मागणाऱ्याला उत्तरच देऊ नये. कंपनीच्या अधिकृत नंबरवर फोन करून खात्री करावी.

प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. माधवराव भिडे यांच्या सॅटर्डे क्लबने मराठी उद्योजकांना एकमेकांना काम देण्याची सवय लावली, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आता त्या सवयीला जिल्ह्याच्या आणि राज्याच्या सीमेपलीकडे न्यायला हवे.

स्मॅक, गोशिमा, कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन या इथल्या उद्योजक संघटना आणि जिल्हा उद्योग केंद्र यांना माझी विनंती आहे की, यासाठी हॉटेलात भाषणे ठेवू नका. एखाद्या चालू शेडमध्ये, दिवसाउजेडी, दहा-बारा जणांचा वर्ग घ्या. प्रत्येकाने आपल्या मशिनचा आणि एका तयार भागाचा फोटो आणावा आणि तिथेच बसून माहिती भरावी. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाची मुले मदतीला घ्या, त्यांना कारखाना कळेल आणि आम्हाला मोबाइल. महिला उद्योजकांसाठी एक वेगळी तुकडी करा. त्या वर्गासाठी माझी शेड रविवारी मोकळी असते, ती मी आनंदाने देईन.

आपली,
एक लघुउद्योजिका
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर