पिवळा दिवा आणि समृद्धीचा रस्ता

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा तो पिवळा दिवा पेटलाय, पण गाडी मस्त चालतेय, असं तू काल म्हणालीस. शनिवारी ठाण्याहून समृद्धी महामार्गाने नागपूरला निघणार आहेस, म्हणून फोनवर न सोडता सविस्तर लिहितेय.

गाडी मस्त चालतेय यावर जाऊ नकोस. रेडियल टायर भरलेला असतानाही खाली जरा फुगलेलाच दिसतो, त्यामुळे नजरेला फसायला होतं. आणि हा दिवा हवा जराशी उतरली म्हणून लागत नाही. अमेरिकेतल्या नियमात ठरलेल्या दाबाच्या 25 टक्के खाली ही मर्यादा आहे, म्हणजे 33 पीएसआयची हवा साधारण 25 वर येईपर्यंत दिवा गप्प राहू शकतो. तुझ्या गाडीत आकडा थोडा वेगळा असेल. पण दिवा लागला म्हणजे हवा बरीच उतरली, असंच धर.

कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, दुमडतो आणि आतून तापतो. गावातल्या वेगात हे खपून जातं. समृद्धीवर 701 किलोमीटरचा रस्ता, कारला 120 ची मुभा आणि वर विदर्भातलं मे महिन्याचं ऊन. तासन्‌तास एका वेगाने पळालेल्या टायरला निवायला सवडच मिळत नाही. मग आतले थर सुटून तो फुटू शकतो. म्हणूनच मामा म्हणतो ना, "उन्हाळ्यात हवा कमीच ठेवावी," ते मला मुळीच पटत नाही. टायर तापल्यावर हवा वाढणार हे धरूनच कंपनीने आकडा दिलेला असतो. हवा कमी ठेवली तर टायर उलट जास्त तापतो. या एका समजुतीपायी किती माणसं स्वतःच्या हाताने धोका ओढवून घेतात!

आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बघ. टायरच्या अंगावर लिहिलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो नको. सामान आणि माणसं भरून येणार असशील तर बहुतेक स्टिकरवर त्यासाठी वेगळा, जास्तीचा आकडा असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भर. पंपावरच्या मुलाने "किती टाकू?" विचारलं तर "नेहमीची" म्हणू नकोस, आकडा सांग.

तोच टायर पुन्हा उतरला तर बहुधा खिळा असेल. ट्यूबलेसमध्ये खिळा रुतून बसतो आणि हवा हळूहळू जाते. तू स्वतः उपसू नकोस. पंक्चरवाल्याला साबणाचं पाणी लावून व्हॉल्व्हही तपासायला सांग. पंक्चर टायरच्या बाजूला असेल तर दुरुस्ती नको, टायर बदल. आणि दिवा आधी मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल तर हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या यंत्रणेत बिघाड आहे. तो सर्व्हिस सेंटरला दाखव, पण तोवर हवा हाताने मोजत राहा.

रस्त्यात दिवा लागला तर जोरात ब्रेक मारू नकोस. हळूहळू वेग कमी कर, डावीकडे ये आणि पुढच्या इंटरचेंजला बाहेर पड. गाडी एका बाजूला ओढायला लागली तर मात्र कडेला शक्य तितकी डावीकडे थांबव, चारही इंडिकेटर चालू ठेव, डाव्या दाराने उतर आणि कठड्यापलीकडे उभी राहा. तिथे स्टेपनी बदलत बसू नकोस, मदत बोलाव.

स्टेपनीची हवाही भरून घे, ती सगळेच विसरतात. निघायच्या सकाळी पाचही टायरचे आकडे मला व्हॉट्सअ‍ॅप कर.

तुझी,
आई