पार्करच्या पेनाचे तास

कराड,
रविवार, रात्री

प्रिय मनू,

काल तुझा फोन आला तेव्हा मी स्टँडवर होतो. मागं चिपळूण गाडीचा पुकारा चालला होता, म्हणून नुसतं हं हं केलं. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तुझी आई म्हणाली, फोनवर तुमचा दोघांचा वाद होतो, त्यापेक्षा लिहून काढा. म्हणून बसलोय.

तुझी अडचण मला कळत नाही असं नाही. दीड महिना पावसानं तुमच्या फ्लाइंग स्कूलचं एकही विमान जागचं हललेलं नाही. त्यातलं एक इंजिनाच्या कामाला उघडून ठेवलंय. खोलीचं भाडं चालू, मेसचे पैसे चालू, आणि बँकेच्या व्याजाला काही पावसाळी सुट्टी नसते. वैमानिकाच्या लायसनला उड्डाणाचे २०० तास लागतात, तुझे ११२ झालेत. आणि आता कुणीतरी भेटलाय, तो म्हणतो वीस-पंचवीस तास ॲडजस्ट करून देतो, सगळेच करतात. मुलं त्याला ‘पार्कर अवर्स’ म्हणतात असं तू हसत सांगितलंस. विमानानं नाही, पार्करच्या पेनानं उडवलेले तास. मला ते हसणं लागलं. पण विचारायला फोन केलास, म्हणजे तुझंही मन खात होतं, एवढं मी ओळखतो.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही, कारण तिच्यात माझीच अब्रू जाते. एसटीत लागण्याआधी मी एका मालकाच्या ट्रकवर होतो. आधी क्लीनर, मग उस्तादानं हळूहळू स्टेअरिंग हातात दिलं. वर्षभर कराड–पंढरपूर मारलं. शंभरावर फेऱ्या झाल्या, सगळा सपाटीचा रस्ता. मला वाटायला लागलं की आपण ड्रायव्हर झालो. एकदा गुळाची भरती घेऊन चिपळूणला निघालो. कोयनानगर सोडल्यावर उस्तादाचा डोळा लागला. त्याला उठवायचं सोडून मी तसाच कुंभार्ली घाट उतरायला लागलो, तिसऱ्या गियरवर, ब्रेक दाबत दाबत. चार-पाच वळणं छान गेली. मग जळका वास यायला लागला. पेडल दर वळणाला थोडं जास्त खाली जात होतं आणि मी ते जास्त जोरात दाबत होतो. वासानंच उस्ताद उठला. ओरडला नाही. म्हणाला, “ब्रेकवरचा पाय काढ.” मनू, उतारावर भरलेला ट्रक पळत असताना ब्रेकवरचा पाय काढणं काय असतं! सगळं अंग नाही म्हणतं. त्यानं दोनदा क्लच मारायला लावला, मध्ये रेस द्यायला लावली, तेव्हा कुठं खर्रकन दुसरा गियर पडला आणि इंजिनानंच गाडी धरली. डोंगराच्या अंगानं गटारात चाक घासत गाडी थांबवली. खाली पोफळीला चहा पाजला आणि म्हणाला, पुढच्या घाटापासून चप्पल काढून बसायचं, पेडल किती खाली जातंय ते चपलेतून कळत नाही. सहा महिने मी कुंभार्ली अनवाणी उतरलो.

तू म्हणालीस, अमेरिकेत एअरलाइनला १५०० तास लागतात आणि आपल्याकडे २०० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक, होता येतं, मग वीस तासांनी काय आकाश कोसळणार? मी मोबाईलवर वाचत बसलो. तो नियम ज्या अपघातावरून आला, तो १२ फेब्रुवारी २००९ चा, बफेलोजवळचा. ५० माणसं गेली. वेग कमी होत गेला, स्टॉल होणार, म्हणजे पंखांची उचल सुटणार, म्हणून विमानाचा दांडा हातात थरथरायला लागला, अशा वेळी नाक खाली करायचं तर कॅप्टननं ते वर ओढलं. त्याचं मन काय म्हणत असेल ते मला वाचतानाच कळलं, माझा पाय ब्रेकवर होता ना. आणि गंमत बघ, त्या कॅप्टनचे आणि त्याच्या फर्स्ट ऑफिसरचे, दोघांचेही तास १५०० च्या वरच होते! तरी कायदा झाला तो तासांचा, २०१३ पासून लागू. त्यातही लष्करातून आलेल्याला ७५०, विमानविद्येची पदवी असलेल्याला १००० अशी सूट आहे. म्हणजे तास कुठं आणि कसे झाले हे त्यांनाही मोजावं लागलंच.

त्याच हिवाळ्यात, महिनाभर आधी, १५ जानेवारीला तिकडच्याच कॅप्टन सलनबर्गर साहेबांनी दोन्ही इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीत उतरवलं. १५५ च्या १५५ जण वाचले. त्यांचे तास १९ हजारांच्या वर, पूर्वी हवाई दलात फायटर, शिवाय ग्लायडरवरचा हात. शेजारी बसलेला फर्स्ट ऑफिसर त्या जातीच्या विमानावर अगदी नवा होता. पण तोही आधी वर्षानुवर्षं दुसरी विमानं उडवून आलेला.

आपल्या गल्लीतला तो पोरगा आठवतो ना, साताऱ्याच्या सैनिक स्कूलमधून एनडीएला आणि तिथून हवाई दलात गेलेला? तुला वाटतं, त्याचं बरं, सरकारनं शिकवलं, पुढंमागं एअरलाइनला आला तर तयार माणूस. बरं आहेच. पण त्याचाही एक तास कुणी पेनानं लिहिला नाही.

तुझे २०० काय उगीच ठरवलेत का? १०० तास तूच विमानाची प्रमुख, त्यातले २० क्रॉस-कंट्री, म्हणजे लांब दुसऱ्या गावापर्यंतचे, त्यात एक ३०० नॉटिकल मैलांचं, मध्ये दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. रात्रीचे ५, बाहेर न बघता नुसत्या उपकरणांवरचे १०. यातले कोणते वीस तो माणूस कागदावर देणार होता? रात्रीचे असतील तर मला सांगूच नकोस. पुढं एअरबससारख्या विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या जातीच्या विमानाचा वेगळा परवाना, सिम्युलेटरवर, मग प्रवासी बसवून ट्रेनिंग कॅप्टनच्या शेजारी. कॅप्टन व्हायचं तर एटीपीएल हे वरचं लायसन, तिथं आपल्याकडेही १५०० तास आहेत. हे गेल्या दिवाळीत तूच मला जेवताना ताटात पोळीचे तुकडे मांडून समजावलंस. तेव्हा किती मजेत सांगत होतीस.

भीती घालायची म्हणून नाही, पण २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर लायसन काढलेले वैमानिक आपल्याकडे पकडले गेले होते. उद्या एखादा तुझ्या लॉगबुकातली तारीख आणि विमानाचं टेक लॉग, म्हणजे त्याच्या उड्डाणांची आणि दुरुस्तीची नोंदवही, शेजारी ठेवून बघेल, आणि त्या तारखेला विमान इंजिन उघडून हँगरमध्ये पडलेलं निघेल. आमच्याकडं कंडक्टरच्या तिकिटात पाच रुपयांचा फरक लागला तरी रिपोर्ट होतो.

पैशाचं तू मनावर घेऊ नकोस. हायवेकडचं सव्वा एकर गेलं ते गेलं, तुझ्या आजीनंही आता त्यावर बोलणं सोडलंय. दोन हप्ते पुढं ढकलायचं मी बँकेत बोलून बघतो. पाऊस उघडेपर्यंत तिथं बसून वेळ काढण्यापेक्षा घरी ये. मेटिऑरॉलॉजीचा, हवामानाचा, पेपर राहिलाय, तो इथं अभ्यास. ७० टक्के लागतात म्हणालीस ना? कृष्णा-कोयनेच्या संगमावर पाणी चढलंय, ढग बघायला इथंही काही कमी नाहीत. वारुंजीच्या धावपट्टीकडंही एक चक्कर मारू. सायकलच्या दांडीवर बसून तिथलं छोटं विमान बघताना तू मला विचारलं होतंस, याला हॉर्न कुठाय?

त्या माणसाला नाही म्हणून सांग. कारण विचारलं तर वडील ऐकत नाहीत म्हण, माझ्यावर घाल.

आणि ते ३०० मैलांचं एकटीचं उड्डाण कोणत्या दिवशी आहे ते आठ दिवस आधी कळव. त्या दिवशी चिपळूणची ड्युटी मी बदलून घेणार आहे. तू वर एकटी असताना माझ्याच्यानं कुंभार्ली उतरवणार नाही.

तुझा,
अण्णा

ता. क. शेंगदाण्याची चटणी कुरिअरनं पाठवायची म्हणून आईनं भरून ठेवली होती. आता येतेसच म्हटल्यावर पाठवत नाही.